बीएमएस भंगारात द्यावं का? – ‘जुना ऑपरेटर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना ऑपरेटर’ या नावानं गेल्या लेखाखाली आलेल्या प्रतिक्रियेला चार ओळींत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लेखात मी ॲम्स्टरडॅमच्या ‘द एज’ या ऑफिस इमारतीबद्दल आणि सेन्सर-सॉफ्टवेअरच्या जोरावर इमारती चालवण्याबद्दल लिहिलं होतं. ‘जुना ऑपरेटर’ यांचं म्हणणं असं, की हा सगळा विकणाऱ्यांचा बाजार आहे. त्यांच्या इमारतीत बक्कळ पैसे मोजून बसवलेलं बीएमएस (इमारतीचा एसी वगैरे एका जागेवरून चालवणारी संगणक यंत्रणा) आता रिसेप्शनमागच्या टीव्हीवर रंगीत चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) फिरताना दाखवण्यापुरतं उरलंय. प्लँट अजून माणसंच चालवतात, तीही कानावर. वर एसीमधून हॅकर घुसतात आणि कोण किती वेळ खुर्चीत बसलं याची पाळत होते, ते वेगळंच. शेवटी सवाल: “हे भंगारात द्यावं का, ते सांगा.”

ऑपरेटरसाहेब, त्या टीव्हीबद्दल वाद नाही. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत असले टीव्ही मीही पाहिलेत. पण तिथून प्लँट रूममध्ये उतरलं की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते: एएचयूच्या (थंड पाण्यावरून हवा फिरवून मजल्यावर सोडणाऱ्या पंख्याच्या युनिटच्या) पॅनेलवरचा सिलेक्टर स्विच ‘मॅन्युअल’वर. म्हणजे सॉफ्टवेअर वर बसून हुकूम सोडतंय आणि खाली ऐकणारं कुणी नाही.

तो स्विच तिथे कसा जातो हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. मे महिन्याची दुपार, पाचव्या मजल्यावरून फोन येतो की कॉन्फरन्स रूम तापलीय. फोन शिफ्टवरच्या माणसाला येतो. तो स्विच मॅन्युअलला टाकतो, पंखा पूर्ण वेगानं सोडतो, तक्रार मिटते. नंतर स्विच परत ऑटोला टाकला नाही म्हणून मात्र कधीच कुणाचा फोन येत नाही. बिल जातं अकाउंट्सच्या टेबलावर. त्यात आयटी पार्क असेल तर मालक एक, भाडेकरू दुसरा, देखभालीचं कंत्राट तिसऱ्याकडे आणि वीज शेवटी मेंटेनन्सच्या आकड्यात वाटून टाकलेली. शिव्या ज्याला खाव्या लागतात त्याला बिल दिसत नाही, आणि ज्याला बिल दिसतं त्याला स्विच कुठे आहे हेही माहीत नसतं. अशा व्यवस्थेत त्या शिफ्टवाल्यानं केलं ते शहाणपणाचंच होतं. जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर आणलंत तरी ही गाठ सुटणार नाही, तुमच्या प्रतिक्रियेतला हा भाग मला शंभर टक्के मान्य आहे.

फक्त त्या स्विचची किंमत किती, तेवढं बघा. पंख्याचा वेग १०० वरून ८० टक्क्यांवर आणला, तर त्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या हिशेबानं उतरते, म्हणजे जवळपास निम्म्यावर येते. व्हीएफडी (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह) बसवली ती त्याचसाठी. ती मॅन्युअलला पूर्ण वेगावर अडकली, की त्या ड्राइव्हचे पैसे पाण्यात आणि वीज रोज वेगळी.

आता कानाबद्दल. बेअरिंग वाजायला लागलं, कॉम्प्रेसर सर्ज झाला, पंप हवा खेचतोय, हे कान आधी सांगतो, सेन्सर नंतर. पण इमारतीतली बरीच वीज अगदी बिनआवाज जाते. एक उदाहरण घेऊ. चिल्ड वॉटर, म्हणजे चिलरनं थंड केलेलं पाणी, साधारण ७ अंशांना एएचयूकडे जातं आणि १२ ला परत यायला हवं. एखाद्या एएचयूचा कंट्रोल व्हॉल्व्ह बंद दाखवतो पण आतून पास होतोय, म्हणजे पाणी सोडतोय, किंवा बायपास उघडा राहिलाय. मग पाणी काम न करताच ९ अंशांवर परत येतं. मजल्यांवर थंडी पोचत नाही, पंपाचा प्रवाह वाढवावा लागतो, तेवढ्या प्रवाहाला एक चिलर पुरत नाही म्हणून दुसरा चालू करतात, आणि दोन्ही अर्ध्या भारावर मजेत चालतात. आवाज गोड, अलार्म नाही, तक्रार नाही. हे पकडायचं तर प्रत्येक कॉइलच्या (एएचयूमधल्या थंड पाण्याच्या नळ्यांच्या) आधीचं आणि नंतरचं तापमान, व्हॉल्व्हची स्थिती आणि घड्याळ एकत्र मांडावं लागतं, तेही रात्री-अपरात्री. आपल्याकडे ते लॉगबुकात असतं म्हणाल, तर साहेब, रात्री १ ते पहाटे ५ पर्यंत दर तासाला ७.२, ७.२, ७.२, एकाच पेनानं, एका दमात लिहिलेली लॉगबुकं तुम्हीही पाहिली असतील. (भरलीही असतील, म्हणत नाही.)

तरीही विकणाऱ्यांच्या पत्रकांवर तुमचा राग आहे तो रास्त आहे. अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं ‘स्मार्ट एनर्जी ॲनालिटिक्स कॅम्पेन’मधल्या हजारो इमारतींच्या नोंदी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. नुसते मीटरचे आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनं झालेली मध्यक (चढत्या क्रमात मधली) बचत ३ टक्के. अमुक व्हॉल्व्ह पास होतोय, तमुक डॅम्पर (हवेची झडप) अडकलाय असा दोष शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरनं ९ टक्के. त्याच प्रयोगशाळेच्या २००९ च्या पाहणीत, चालू इमारतींची यंत्रणा नुसती नीट तपासून, जुळवून घेतल्यावर मध्यक बचत १६ टक्के निघाली होती आणि खर्च साधारण वर्षभरात वसूल. म्हणजे पाना-पेचकस घेऊन फिरलेल्या माणसाचा आकडा सर्वांत मोठा. तुमच्या टीव्हीला ३ टक्क्यांच्या गटातसुद्धा मी धरणार नाही.

सेन्सरही डोळे मिटून खरे मानू नयेत, हे तुम्ही लिहिलं नाहीत, मी जोडतो. ताजी हवा किती घ्यायची हे ठरवायला परतीच्या डक्टमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावतात. बाहेरच्या हवेत ४२० पीपीएमच्या (दर दहा लाख भागांत इतके भाग) आसपास, आत माणसं भरली की १,०००च्या पुढे. माणसं कमी तर डॅम्पर कमी उघडा, कारण बाहेरची गरम, दमट हवा थंड करण्यातच मोठा खर्च होतो. तत्त्व उत्तम. पण यातले कितीतरी सेन्सर स्वतःला आपोआप सुधारतात: आठवडा-दोन आठवड्यांत दिसलेलं सर्वांत कमी रीडिंग म्हणजे बाहेरची हवा, असं धरून चालतात. रात्री रिकाम्या होणाऱ्या ऑफिसात हे जमून जातं. चोवीस तास चालणाऱ्या कॉल सेंटरात मजला रिकामा होतच नाही. तिथली पहाटेची ७०० पीपीएम हवा सेन्सर ४०० समजून बसतो आणि दिवसा तितकंच कमी दाखवत राहतो. डॅम्पर मिटलेला, पडद्यावर सगळं हिरवं आणि पहाटेच्या शिफ्टला डोकं जड. अशा जागी ही आपोआप सुधारण्याची सोय बंद ठेवून सेन्सर मोकळ्या हवेत नेऊन हातानं कॅलिब्रेट करायचे असतात. खरेदीच्या कागदांत ही ओळ मी क्वचितच पाहिलीय.

ॲम्स्टरडॅमचा दाखला पुण्याला कशाला, हा तुमचा टोमणा. ‘द एज’मध्ये सुमारे २८,००० सेन्सर आहेत हे खरं, पण तिच्या कमी विजेचं श्रेय छपरावरच्या आणि दक्षिण बाजूच्या सोलर पॅनेलांना आणि जमिनीखालच्या पाण्यात उष्णता साठवण्याच्या सोयीलाही जातं. तुमच्या इमारतीला जवळचा दाखला हवा तर १९३१ ची एम्पायर स्टेट बिल्डिंग बघा. २००९ नंतर तिथे जे काम झालं त्यात ३८ टक्के बचतीचं गणित मांडलं होतं. आधी तिच्या ६,५१४ खिडक्या जागच्या जागी नव्यानं बांधल्या, रेडिएटरमागे इन्सुलेशन घातलं. त्यामुळे एसीची गरजच घटली आणि चिलर बदलायच्या ऐवजी आहेत तेच दुरुस्त करून भागलं. कंट्रोल्स या सगळ्याला जोडून आले. आपल्याकडे पश्चिमेला काचेची भिंत उभी करतात आणि मग तिच्यामागे सेन्सर लावत सुटतात.

हॅकरची गोष्ट खरी आहे, जरा वेगळी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, ती रेफ्रिजरेशनच्या एका कंत्राटदाराचं लॉगिन चोरून. एसीमधून कुणी शिरलं नव्हतं. कंत्राटदाराला टार्गेटच्या नेटवर्कमध्ये दिलेल्या दारातून शिरले आणि आत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला अडवणारं कुणी नव्हतं. तेव्हा बीएमएसचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा, इतकंच. पाळतीबद्दल मी तुमच्या बाजूनं आहे. एसी चालवायला मजल्यावर किती माणसं आहेत एवढं कळलं तरी पुरतं, ती कोण आहेत हे कळायची गरज नाही. एचआरनं खुर्चीखालच्या सेन्सरचा डेटा मागितला तर सरळ नाही म्हणावं.

आता तुमचा सवाल. भंगारात देऊ नका, आणि नवीनही घेऊ नका. कंत्राटदाराकडून पॉइंट लिस्ट (कुठला सेन्सर, कुठलं यंत्र बीएमएसला जोडलंय त्याची यादी) आणि ॲडमिनचा पासवर्ड लेखी मागा. तो आमच्याकडेच राहतो असं उत्तर आलं, तर एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) वाढवायच्या आधी हा विषय काढा. यंत्रणा बॅकनेट बोलत असेल तर दुसरा कंत्राटदार मिळतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणांनी एकमेकांशी बोलायचा हा खुला प्रोटोकॉल १९९५ पासून आहे, ‘आमचंच सॉफ्टवेअर लागेल’ हे ऐकून घेऊ नका. मग एका रविवारी पॅनेल ते पॅनेल फिरून कुठला स्विच मॅन्युअलवर आहे आणि का, याची यादी करा. ‘का’चा रकाना सोडू नका, निम्म्या ठिकाणी अडकलेला डॅम्पर किंवा प्रिंटरच्या डोक्यावर लावलेला थर्मोस्टॅट निघेल. आणि फॅसिलिटी मॅनेजरला सांगा, दर महिन्याचं बिल प्लँट रूममध्ये लावायचं, कमाल मागणीच्या (महिन्यात एका वेळी ओढलेल्या सर्वांत जास्त विजेच्या) आकड्यासकट. शनिवार-रविवार तापलेली इमारत सोमवारी सकाळी एकदम थंड करायला घेतली की तो आकडा कुठे जातो, हे शिफ्टवाल्यांना दिसू दे.

तुम्ही लिहिलंय की रात्रीसुद्धा दोन चिलर चालवावे लागतात. दुपारी २ आणि रात्री २, दोन्ही वेळचं जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याचं तापमान इथेच खाली टाका. लॉगबुकातलं नको, गेजवरचं.