पडलेला दात घासू नका!

‘दात पडला तर घाबरू नका. हळद-मिठाने घासून स्वच्छ करा, कोरड्या कापसात ठेवा, सूज उतरल्यावर दोन दिवसांनी डेंटिस्टकडे जा. दुधाचा दातही परत बसतो. गालावर बर्फ लावा.’ हा मेसेज आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. मागच्या रविवारी तो कोथरूडला ताईकडे पोचला होता. दहा वर्षांचा भाचा सायकलवरून पडला, वरचा पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला आणि ताईने मेसेजबरहुकूम सगळं केलं. मला फोन आला तोवर तीन तास झाले होते.

‘घासा’ हे लिहिणाऱ्याने दाताचं मूळ कधी पाहिलंय का? मुळावर जिवंत पेशींचं आणि तंतूंचं पातळ आवरण असतं. दात हाडात पुन्हा धरतो तो त्याच्या जोरावर. तेच खरवडून काढलं की हाड थेट मुळाला चिकटतं आणि वर्षागणिक मूळ खाऊन टाकतं. वाढत्या मुलाचा जबडा वाढतो, चिकटलेला दात मागे राहतो, आखूड दिसायला लागतो.

कोरडा कापूसही तितकाच वाईट. दातांच्या दुखापतींवर काम करणाऱ्या इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमाटॉलॉजीच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना वाचा: दात 60 मिनिटांहून जास्त कोरडा राहिला तर त्या पेशी मेल्यातच जमा. दात पांढऱ्या भागाला धरून उचलायचा. मळला असेल तर दुधात, सलाइनमध्ये किंवा ज्याचा दात पडला त्याच्याच लाळेत हलकेच बुचकळून तिथल्या तिथे खाचेत बसवायचा, वर रुमाल चावायला द्यायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. बसवणं जमत नसेल तर दुधात ठेवून न्यायचा. साधं पाणी चांगलं नाही, पण कोरड्यापेक्षा बरं. ताईच्या फ्रिजमध्ये चितळेंच्या दुधाची अख्खी पिशवी होती!

‘दोन दिवसांनी’बद्दल वेगळं काय बोलायचं? मिनिटं मोजायची असतात इथे.

दुधाचा दात मात्र परत बसवायचाच नाही. खाली पक्क्या दाताचा अंकुर असतो, त्याला इजा होऊ शकते.

बर्फाचं बरोबर आहे. फडक्यात गुंडाळून गालावर धरा, सूज कमी होते. तेवढं एकच.

भाच्याचा दात डॉक्टरांनी तरीही बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला. तार दोन आठवडे राहील, रूट कॅनालही करावं लागणार आहे. फार वर्षं टिकेल असं त्यांनी सांगितलेलं नाही. निदान तिथलं हाड आणि जागा शाबूत राहावी, एवढ्यासाठी तो ठेवलाय.