उत्तर चुकलं हे कळलं, पण कसं चुकलं?

५०३ वजा २४७. उत्तर २५६. हे गणित वर्गात घालून पाहा, चुकीची उत्तरं वाट्टेल तशी येत नाहीत. काही मुलं ३४४ लिहितात. ती प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात, वर कोणता आणि खाली कोणता हे बघतच नाहीत. काही ३५६ लिहितात. उसना घ्यायचा हे त्यांना माहीत आहे, शून्याचा नऊ होतो हेही पाठ आहे, पण तो उसना मुळात शतकातून आला हे निसटतं आणि वरचा पाच तसाच राहतो. काही २६६ लिहितात. त्यांनी शतकातून दशकात दहा आणले, पण त्यातला एक एककाला देऊन टाकला हे विसरली.

तीन मुलं, तीन वेगळे विचार आणि गुणांच्या रकान्यात तिघांनाही शून्य. वर शेरा एकच, ‘सराव करा’. पहिल्या मुलाने शंभर वजाबाक्यांचा सराव केला तर त्याचा चुकीचा नियम शंभर वेळा पक्का होईल.

गणिताच्या मूल्यमापनाबद्दल माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं. मूल निष्काळजीपणाने चुकतं असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते एक चुकीचा नियम अगदी इमानदारीने पाळत असतं. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी ‘बगी’ नावाच्या संगणक प्रणालीवरचं काम प्रसिद्ध केलं, ते याच विषयावरचं. मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांमागे ठरावीक सदोष पद्धती असतात आणि त्या शोधून काढता येतात, हे त्यांनी दाखवलं. त्यातला एक खेळ मला फार आवडतो: संगणक चुकणाऱ्या विद्यार्थ्याचं सोंग घेतो आणि शिक्षकाने त्याला गणितं घालून घालून त्याचा नियम ओळखायचा. शिक्षक-प्रशिक्षणात आजही हा खेळ हवा.

आता सातत्यपूर्ण, म्हणजे वर्षभर थोडं थोडं करायच्या मूल्यमापनाकडे येते. कल्पना उत्तम आहे. वर्षाअखेरच्या एका पेपराने कळतं ते इतक्या उशिरा कळतं की त्याचं काही करता येत नाही. पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी काय होतं? एका मोठ्या परीक्षेच्या जागी वीस छोट्या परीक्षा येतात. गुण नोंदवा, तक्ते भरा, सरासरी काढा. मुलं सतत तपासली जातात आणि शिक्षक सतत लिहीत बसतात. त्या नोंदींमुळे उद्याच्या तासात काहीच बदलणार नसेल, तर ते मूल्यमापन मुलासाठी झालेलंच नाही.

तंत्रज्ञान आणलं की हे आपोआप सुटेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी बेनीची हकिगत जरूर वाचावी. १९७३ साली स्टॅन्ली अर्लवँगर यांनी अमेरिकेतल्या एका बारा वर्षांच्या मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्याचं नाव बेनी. तो ज्या कार्यक्रमात शिकत होता त्यात प्रत्येकाने आपापल्या गतीने पुढे जायचं, प्रत्येक टप्प्यावर छोटी चाचणी द्यायची, ८० टक्के मिळाले की पुढचा टप्पा. आजच्या शिकवणाऱ्या ॲप्सचा सांगाडा हाच आहे, फक्त तेव्हा कागदावर होता. बेनीची प्रगती चांगली मानली जात होती. अर्लवँगर त्याच्याशी बोलायला बसले तेव्हा कळलं, की २/१० हा अपूर्णांक दशांशात तो १.२ असा लिहितो. अंश आणि छेदाची बेरीज १२, मध्ये टिंब, झालं. म्हणून ५/१० म्हणजे १.५. ४/११ सुद्धा १.५ आणि ११/४ सुद्धा १.५, आणि यात त्याला काहीच वावगं वाटत नव्हतं. ०.३ अधिक ०.४ त्याच्या लेखी ०.०७.

हा मुलगा चाचण्यांवर चाचण्या पार करत पुढे जात होता. त्याची समजूत अशी झाली होती की गणित म्हणजे कोणीतरी ठरवून ठेवलेले नियम, आणि आपलं काम उत्तरसूचीशी जुळेल असं उत्तर शोधणं. तो बुद्धीने कमी नव्हता. स्वतःचे नियम तयार करण्याइतका हुशार होता. कमी पडली ती त्याच्याशी गणितावर बोलणारी मोठी माणसं. म्हणून ‘आमचं ॲप मुलाच्या गतीने शिकवतं’ हे ऐकून मी अजिबात हुरळून जात नाही. हिरव्या बरोबरच्या खुणांच्या रांगेमागे किती बेनी आहेत, हे ॲपला विचारून कळणार नाही.

तरीही मी तंत्रज्ञानाच्या बाजूने आहे, आणि ठामपणे आहे. कारण चाळीस मुलांच्या चाळीस वह्या रोज वाचून चुकांची वर्गवारी करणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. यंत्र ते क्षणात करतं. फक्त प्रश्न विचार करून निवडलेला हवा. ०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती? ‘३५ मोठे, ८ लहान’ असा विचार करणारं मूल इथे सापडतं. पण ‘दशांश स्थळं जास्त म्हणजे संख्या लहान’ अशी उलटी समजूत असलेलं मूल याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देऊन निसटतं. त्याच्यासाठी लगेच ०.३ आणि ०.४५ विचारायला हवं. दोन प्रश्न, दोन मिनिटं, आणि वर्गाचे तीन गट डोळ्यांसमोर. असे दोन प्रश्न मला वीस प्रश्नांच्या प्रश्नपेढीपेक्षा मोलाचे वाटतात.

साधनं फार लागतात असंही नाही. ‘प्लिकर्स’ नावाच्या ॲपमध्ये मुलांच्या हातात छापील कार्डं असतात. कार्ड ज्या बाजूने वर धरलं त्यावरून उत्तर ठरतं आणि शिक्षकाच्या एका फोनचा कॅमेरा सगळ्या वर्गाची उत्तरं टिपतो. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून धरता येत नाही आणि बुजऱ्या मुलाचं उत्तर इतरांसमोर उघडं पडत नाही. वरच्या वर्गांसाठी ‘स्टॅक’सारखी, गणिताची उत्तरं तपासणारी मुक्त संगणक प्रणाली आहे. २(अ + ३) आणि २अ + ६ ही एकच राशी आहे हे तिला कळतं, आणि कुणी (अ + ३)² = अ² + ९ लिहिलं तर नेमकी त्याच चुकीवरची सूचना दाखवण्याची सोय शिक्षकाला आधीच करून ठेवता येते. आणि यातलं काहीच नसेल तर तास संपताना कागदाच्या चिठ्ठ्या घ्या आणि चुकांप्रमाणे त्यांचे ढीग लावा. पद्धत तीच.

गुणांबद्दल मात्र मी आग्रही आहे: अशा छोट्या चाचण्यांना गुण देऊ नका. रूथ बटलर यांचा १९८८ सालचा प्रयोग याबाबत बोलका आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फायदा झाला नाही. मुलाची नजर आधी गुणांवर जाते, मग शेजाऱ्याच्या गुणांवर. ॲपमधल्या क्रमवारीच्या पाट्या आणि पळतं घड्याळही मला याच कारणाने खुपतात. घड्याळ लावलं की मूल विचार करायचं सोडून अंदाज मारायला लागतं.

घरच्या अभ्यासाबद्दलही आता वेगळा विचार करावा लागेल. फोनने फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर मिळतं, त्यामुळे वहीतलं बरोबर उत्तर मुलाबद्दल फारसं काही सांगत नाही. बंदी घालून उपयोग नाही. सोडवलेलं चुकीचं गणित द्या आणि चूक कुठल्या पायरीला झाली ते वर्गात तोंडी सांगायला लावा. ३५६ उत्तर आलेली वजाबाकी फळ्यावर मांडा आणि विचारा, ‘हे लिहिणाऱ्याला काय माहीत आहे आणि काय निसटलंय?’

पालकांनाही एक सांगणं आहे. शाळेकडून किंवा ॲपकडून प्रगतीचा आलेख आला तर टक्के बघून थांबू नका. माझं मूल नेमकं कुठे अडलंय आणि त्यासाठी पुढच्या आठवड्यात वर्गात काय वेगळं होणार आहे, एवढं विचारा. आणि शाळा चालवणाऱ्यांनो, शिक्षकाला या प्रश्नाचं उत्तर देता यावं म्हणून त्याचे दोन तक्ते कमी करा आणि तो वेळ त्याला मुलांशेजारी बसायला द्या.