टुंई झालं की खणा

बोनस हातात आलाय आणि रविवारी घरी थांबलात तर माळा आवरावा लागणार आहे? मग मेटल डिटेक्टर घ्याच. परदेशात लोक नांगरलेल्या शेतात रोमन नाणी शोधतात म्हणे. मुंबईत शेत नाही. खरं तर जमीनही नाही, समुद्र बुजवायला टाकलेली भरणी आहे. पण तुम्ही खचू नका. यंत्र वीतभर खालचं नाणं ओळखतं आणि भरणी पुरुषभर असते, एवढाच काय तो फरक.

सुरुवात माहीमच्या चौपाटीवरून करा. खारी ओली वाळू स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे साधं यंत्र तिथे कशालाही ‘टुंई’ करतं. माहीमच्या जुन्या बिंबराजाचा अख्खा खजिना पायाखाली आल्याचा आनंद मिळतो, तोही न खणता. खणलंत तर सोड्याची बुचं निघतील. कंटाळलात तर कचरा वगळायची सोय यंत्रात असते, ती चालू करा. फक्त कोल्ड्रिंकच्या कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी यंत्राला जवळपास सारखीच ऐकू येते. म्हणजे कडी वगळली की अंगठीही गेली.

दोन मिनिटांत गर्दी जमेल. ‘काय हरवलं?’ विचारलं तर चुकूनही ‘अंगठी’ म्हणू नका. अर्धी चौपाटी वाळू उपसायला बसेल आणि एखादे काका हळूच विचारतील, ‘घरी सांगितलंत का?’

महत्त्वाकांक्षी असाल तर गोदीकडे बघा. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीचा स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, पण आपल्या लक्षात राहिल्या त्या उडालेल्या सोन्याच्या विटा. एकेक वीट साडेबारा किलोंच्या वर. त्यातली एक तुमच्यासाठीच थांबली आहे, हे गेटवरच्या सुरक्षारक्षकाला नीट समजावून सांगा.

आणि समजा, खरंच सापडला १८६२ सालचा, व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा तांब्याचा पाव आणा! घरी आल्या आल्या आईच्या हातात द्या. चिंच-मीठ लावून ती तो असा लखलखीत करेल की राणीचं नाकही उरणार नाही. संग्राहक ज्या काळपट थराचे पैसे मोजतो, तो मोरीतून वाहून जाईल. चोरीची भीती नको.

पुढचा मान कलेक्टरसाहेबांचा. १८७८ चा कायदा सांगतो की जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर काय, कुठे, कधी हे त्यांना लेखी कळवायचं. तेव्हा दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांची चांदीची नाणी. आज त्यात कटिंग मिळाला तर नशीब. नाही कळवलंत तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलंत आणि सरकारने वस्तू ठेवून घेतली, तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा मिळतो. साडेसहा ग्रॅम तांब्याचे जे काही होतील ते मोजून घ्या. अर्जाची झेरॉक्स आणि चर्चगेटचं रिटर्न तिकीट तुमच्या खर्चाने.

एक पथ्य मात्र पाळा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीवर जाऊ नका. तिथे दोरीला लोहचुंबक बांधून एखादा पोरगा कंबरभर पाण्यात उभा असेल, आणि एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला लगडून वर येत असतील. तो तुमच्या यंत्राकडे बघून विचारेल, ‘काका, केवढ्याला पडलं?’