क्रेडिट नाकारले म्हणून कॉलेज दुय्यम ठरत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतील नवाहो या आदिवासी राष्ट्राच्या दिने कॉलेजातील सामान्य शिक्षणाच्या (म्हणजे कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला घ्याव्या लागणाऱ्या मूलभूत विषयांच्या) अटींविषयी मी लिहिलेल्या लेखावर ‘एक अनुभवी प्राध्यापक’ या नावाने दीर्घ प्रतिक्रिया आली आहे. ‘मोठी विद्यापीठे ज्याचे क्रेडिट धरत नाहीत, ते कॉलेज भाषा आणि लोककथा शिकवून मुलांची दोन वर्षे वाया घालवते, लेखिकेला हे कळत नाही, कारण तिला नुसते गहिवर काढायचे आहेत,’ असे तीत म्हटले आहे. (क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेल्या विषयाचे पदवीसाठी मोजले जाणारे एकक.) सरकारी अनुदान, पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण आणि माझ्या लेखाची लांबी यांवरही शेरे आहेत.

मतभेदाचे मला वावडे नाही, आणि याच लेखाखाली इतर वाचकांनी घेतलेल्या हरकतींना मी सविस्तर उत्तरे दिली आहेत. पण प्राध्यापक म्हणवणाऱ्या व्यक्तीने स्वतःचे नाव झाकून दुसऱ्याच्या आकलनाविषयी असा निकाल द्यावा, हे मला खटकले. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याशी आपण याच भाषेत बोलता का?

आपले एक म्हणणे रास्त आहे. प्रवेशाच्या वेळी कच्च्या ठरलेल्या विद्यार्थ्याला जे पायाभूत गणित घ्यावे लागते, ते विद्यापीठ पदवीसाठी मोजत नाही आणि त्यात त्याचा वेळ व पैसा जातो. मात्र हे अमेरिकेतल्या अनेक कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक कॉलेजांत, घडते.

आता ‘क्रेडिट धरत नाहीत’ या वाक्याकडे येते. १९६८ साली नवाहो कम्युनिटी कॉलेज म्हणून सुरू झालेली ही संस्था अमेरिकेतील पहिले आदिवासी-नियंत्रित कॉलेज आहे आणि तिला हायर लर्निंग कमिशनची मान्यता आहे. अॅरिझोनातील तिन्ही सरकारी विद्यापीठांना मान्यता देणारी संस्थाही तीच. राज्याचा सामान्य शिक्षणाचा जो सामाईक गठ्ठा आहे, ज्याला तिथे ‘एजेक’ म्हणतात, त्यात दिने कॉलेज सहभागी आहे. मी शिकवू लागले तेव्हा तो ३५ क्रेडिट्सचा होता. तो पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याच्या सामान्य शिक्षणाच्या प्राथमिक अटी तिन्ही विद्यापीठांत एकरकमी पुऱ्या झाल्या असे धरतात. म्हणजे आपले विधान जिथे सरसकट लागू व्हायला हवे होते, तिथेच ते टिकत नाही.

अडचण येते ती गठ्ठा अर्धवट सोडून निघणाऱ्याला, किंवा राज्याची हद्द ओलांडणाऱ्याला. नवाहो भूमी अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरलेली आहे, कॉलेजाची एक शाखा न्यू मेक्सिकोत शिपरॉकला आहे, आणि अॅरिझोनाचा करार शेजारच्या राज्याला बांधील नाही. अशा वेळी विद्यापीठ क्रेडिट घेते, पण ते ‘ऐच्छिक’ या रकान्यात टाकते. एकूण बेरजेत ते दिसते, पदवीच्या अटींत मात्र उपयोगी पडत नाही. हा प्रश्न फक्त आदिवासी कॉलेजांचाही नाही. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसच्या २०१७ च्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट्स बुडाले होते. मग ती सारी कॉलेजे दुय्यम होती असे आपण म्हणणार का?

‘लेखिकेला कळत नाही’ असे आपण लिहिलेत, म्हणून नाइलाजाने स्वतःविषयी सांगते. नाशिकला बी.एस्सी. अर्धवट सोडून मी अमेरिकेत आले, तेव्हा तिथल्या एका विद्यापीठाने माझा संख्याशास्त्राचा विषय ‘समकक्ष नाही’ म्हणून बाजूला सारला. गुणपत्रिकेवर फक्त ‘स्टॅटिस्टिक्स – पेपर दोन’ एवढेच छापलेले होते. वडिलांनी कॉलेजातून अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत मिळवून धाडली, त्यातील संभाव्यता वितरणे आणि प्रतिगमन ही प्रकरणे मी त्यांच्या अभ्यासक्रमाशेजारी ओळीने मांडून दाखवली, आणि तोच विषय त्याच विभागाने मान्य केला. शिक्षण तेच होते. बदलला तो फक्त कागद. पुढे अॅरिझोनातील एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवताना समकक्षतेच्या बैठकांना मी बसले, आणि तिथेही वाद बहुतेक वेळा शिकवण्याच्या दर्जाचा नसून विषय कोणत्या रकान्यात घालायचा याचा असे.

नवाहो भाषेला आपण ‘वाया घालवलेली वर्षे’ म्हणता, तर ती नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठातही शिकवली जाते हे आपल्याला ठाऊक असायला हवे होते. स्पॅनिशचे क्रेडिट निमूटपणे घ्यायचे आणि ज्यांची भूमी आहे त्यांच्याच भाषेला लोककथा म्हणून हिणवायचे, याला मी अनुभव म्हणणार नाही.

अनुदान आणि उत्तीर्णांचे प्रमाण हे माझ्या लेखाचे विषयच नव्हते, तेव्हा त्यांवर इथे काथ्याकूट करत नाही. लेख लांबला असे वाटणाऱ्याने तो सोडून द्यावा.

कोणत्या विद्यापीठाने दिने कॉलेजाचा कोणता विषय कोणत्या वर्षी नाकारला, एवढा तपशील आपण दिलात तर त्याची समकक्षतेची नोंद मी स्वतः पाहीन आणि जे आढळेल ते इथेच लिहीन. त्यावाचूनच्या शेरेबाजीला यापुढे माझ्याकडून उत्तर मिळणार नाही.