धरण भरलं, नळ मात्र दिवसाआडच

पवना धरण भरलं की पिंपरी-चिंचवडमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या. पुढारी मंडळी जलपूजनाला जातात, नारळ, साडी-चोळी, फोटो. आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर तोच सवाल फिरू लागतो: धरण शंभर टक्के, मग पाणी दिवसाआड का?

राग रास्त आहे. पण धरणाकडे बोट दाखवून आपण महापालिकेला फार स्वस्तात सोडतो.

जरा आठवून बघा. दिवसाआड पाणी सुरू झालं नोव्हेंबर २०१९ मध्ये, आणि त्या वर्षी पाऊस धो-धो झाला होता. म्हणजे दुष्काळाचा संबंध तेव्हाही नव्हता. कारण सांगितलं गेलं ते असं की पाणी सगळीकडे सारख्या दाबाने पोचत नाही, तक्रारी वाढल्यात, तेव्हा अर्ध्या शहराला आज आणि अर्ध्याला उद्या देऊ. काही काळापुरतं, अर्थातच. मग करोना येऊन गेला, मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, जवळजवळ चार वर्षं प्रशासकांनी कारभार हाकला, निवडणुका झाल्या. वेळापत्रक जिथल्या तिथे.

आता हिशेब करू. पवनेची साठवण साधारण साडेआठ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. शहरासाठी पवनेतून रोज ५० कोटी लिटरच्या आसपास पाणी उचललं जातं. पावसाळ्याचे चार महिने सोडा, तेव्हा नदीलाच पाणी असतं. उरलेल्या आठ महिन्यांत होतात १२,००० कोटी लिटर, म्हणजे सव्वाचार टीएमसी. निम्मं धरण एकट्या आपल्याला लागतं! बाकीच्यात मावळातली शेती, एमआयडीसी, वाटेवरची गावं, उन्हाने उडून जाणारं पाणी आणि पाऊस लांबला तर जुलैची तजवीज. धरण भरलं याचा अर्थ एवढाच की पुढच्या पावसापर्यंत पाणी पुरेल. रोज किती मिळणार हे ठरतं धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलणारे पंप, निगडीच्या सेक्टर २३ मधलं जलशुद्धीकरण केंद्र आणि जलसंपदा विभागाने मंजूर केलेला कोटा यांच्यावर. रांजण काठोकाठ भरला म्हणून तोटी मोठी होत नाही.

इथे कोणीतरी हमखास लिहितं, 'शेतकऱ्यांनी पाइपलाइन अडवली म्हणून आपले हाल.' हे वाचलं की माझं डोकं फिरतं. नदीऐवजी धरणातून थेट बंदिस्त जलवाहिनीने पाणी आणायच्या योजनेला मावळात विरोध झाला, ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्यानंतर योजनेला स्थगिती मिळाली, ती उठायला २०२३ उजाडलं. ज्यांच्या दारातून नदी जाते त्यांना विश्वासात न घेता शहराने पाइप टाकायला काढला, त्याची किंमत त्या घरांनी मोजली. ग्रुपवर एका ओळीत निकाल लावण्याइतकं ते सोपं नाही.

खरा प्रश्न शहराच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. आज ती तीस लाख धरली, तरी एकट्या पवनेच्या ५० कोटी लिटरमधून माणशी रोज १६५ लिटरच्या वर पाणी येतं. आंद्रा धरणाचं वेगळंच. सरकारी मापाप्रमाणे माणशी १३५ लिटर धरतात. मग कागदावर पुरून उरणारं पाणी जातं कुठे? जमिनीखालच्या गळतीत, चोरट्या नळजोडांत, आणि नळाला थेट मोटार लावून शेजाऱ्याचं पाणी ओढणाऱ्यांकडे. मोटार लावणं नियमाने बंद आहे, हे मोटार लावणाऱ्यालाही ठाऊक असतं.

दिवसाआडची झळही सारखी बसत नाही. मोठ्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत दोन दिवसांची बेगमी होते, कमी पडलं तर टँकर येतो आणि मेंटेनन्समध्ये वाटला जातो. चाळीत, झोपडपट्टीत दोन पिंपं आणि चार कळश्या, एवढीच साठवण. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या बाईने काय करायचं? शिवाय पाणी नसताना रिकाम्या पाइपात बाहेरची घाण शिरायला वाट मिळते, हे पाणीपुरवठ्यातला कुठलाही इंजिनिअर सांगेल.

    

महापालिका काहीच सांगत नाही असं नाही. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने, नागरिकांनी सहकार्य करावे, हे सगळं वेळेवर येतं. दिवसाआडबद्दल मात्र तीन आकडे दर महिन्याला जाहीर करावेत: किती उचललं, किती शुद्ध करून सोडलं, किती पाण्याचं बिल झालं. शेवटच्या दोन आकड्यांतली तफावत किती खाली आली की पाणी रोज देणार, तेही लिहून द्यावं. तारीख देता येत नसेल तर अट द्या.

प्रभाग कार्यालयातल्या जनसंवाद सभेला कोणी जात असाल, तर धरणाचं सोडा आणि हे तीन आकडे मागा. नव्या नगरसेवकांनाही तेच विचारा. मिळाले तर इथे कमेंटमध्ये टाका, गणित मी करतो.