अब्रू घ्यायची तर लेखी घ्या

देवस्थान समितीची निवडणूक आली, की गोव्यातल्या गावात निनावी पत्रके फिरू लागतात. यंदा तुमचाही हात शिवशिवत असेल तर आधी शब्दाची ओळख करून घ्या. इंग्रजी कायद्यात लेखी बदनामीला 'लायबल' म्हणतात. मूळ अगदी गरीब. लॅटिनमध्ये 'लिबेर' म्हणजे झाडाची आतली साल, मग पुस्तक. पोर्तुगीज 'लिव्रु' त्यातलेच. त्याचे लाडके रूप 'लिबेलुस', म्हणजे चोपडी. रोमन प्रजा बादशहाकडे अर्ज करी, तोही लिबेलुसच. निंदेच्या चोपडीला मात्र 'फामोसुस' हे विशेषण लागे. पुढे इंग्रजांनी विशेषण गाळले आणि बिचारी चोपडीच बदनाम झाली. पोर्तुगीजात 'लिबेलु' म्हणजे कोर्टातले लेखी आरोपपत्रही. तेव्हा तुम्ही एक चोपडी वाटा, दुसरी घरपोच येईल.

आपला 'अब्रू' फारसी: आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी उतरवायचे काम आहे, मन लावून करा.

पत्र बंद पाकिटात घालून फक्त खजिनदारालाच पाठवू नका. तिसऱ्या माणसापर्यंत मजकूर पोचल्याशिवाय बदनामी होतच नाही, मेहनत फुकट. पोस्टकार्ड बरे, वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेत तर त्याहून बरे. नाव घालू नका, हे सगळेच सांगतात. 'देवळामागच्या दुमजली घरातले, नवीन गाडीवाले' एवढेच लिहा. गावाने ओळखले की कोर्टालाही तेवढे पुरते. 'असे ऐकले' हे शेवटी जोडाच: दुसऱ्याची अफवा पुढे ढकलणाराही आपल्या नावाने जबाबदार धरला जातो, म्हणजे सोबतीला माणसे मिळतील. छापखानेवाल्याला आत काय आहे ते अगोदर वाचून दाखवा. बदनामीचा मजकूर जाणूनबुजून छापणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही शिक्षा आहे, पंगतीत एकट्याने का बसायचे?

शिक्षा फार नाही. 1860 च्या दंड संहितेतले कलम 499 आता भारतीय न्याय संहितेत 356 झाले, 1 जुलै 2024 पासून. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. शेवटची तरतूद नवी आहे. निवडणुकीला उभे राहणाऱ्यांना तिचे विशेष आकर्षण वाटावे.

पोलिसांना भिऊ नका. गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र. दुखावलेल्या माणसालाच दंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद घेऊन जावे लागते, त्यासाठी त्याच्याकडे तीन वर्षे असतात. भरपाईचा दिवाणी दावा मात्र वर्षाच्या आत लावावा लागतो. तेवढे दिवस कॅलेंडरवर खुणा करत बसा.

'पण मी खरे तेच लिहिले!' हे वाक्य पाठ करून ठेवा, मडगावच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर ते रोज कामी येते. 1605 साली लंडनच्या स्टार चेंबर या राजाच्या न्यायालयाने ठरवले होते की मजकूर खरा असला तरी लायबल ते लायबलच. आपण तितके कडक नाही. दिवाणी दाव्यात सत्य सिद्ध झाले की सुटका. फौजदारीत सत्य अधिक लोकहित, दोन्ही दाखवायचे, आणि ते तुम्हीच. खजिनदाराच्या हिशेबात लोकहित सापडेल. त्याच्या मेहुणीबद्दलच्या परिच्छेदात शोधून पाहा.

राहता राहिला उपरोध. 'आमचे खजिनदार इतके सचोटीचे, की फंडपेटीला त्यांचा हात कधी लागलाच नाही.' वा! स्तुती केल्याबद्दल कोण कोर्टात जाईल? कलमाचे तिसरे स्पष्टीकरण मात्र सांगते की उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, आणि खाली उदाहरण दिले आहे: 'झ प्रामाणिक आहे, ब चे घड्याळ त्याने कधी चोरले नाही.' घड्याळ घेऊन पळणाऱ्या झ चे चित्र काढले तरी तेच. व्यंगचित्राची आयडियाही दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच कोणीतरी घेऊन ठेवली आहे.

एक कंटाळवाणी वाटही आहे. पावत्यांच्या झेरॉक्स जोडून मामलेदाराकडे सद्भावनेने लेखी तक्रार करायची. अधिकार असलेल्या माणसाकडे केलेला असा आरोप कलमाच्या दहा अपवादांतल्या आठव्यात बसतो. त्यात मेहुणी घालता येत नाही, गावभर वाटता येत नाही, खाली सही करावी लागते. म्हणून तर कोणी करत नाही.