कुबडीतली गुप्ती

संन्याशाच्या कुबडीत लपवलेल्या पात्याचा विषय निघाला की नागा साधूंच्या फौजा आणि धर्मरक्षणाची गाथा लगेच त्याला जोडली जाते. माझा आक्षेप नेमका या जोडणीला आहे. आखाड्यांनी शस्त्रे कधी लपवली नाहीत. त्यांनी भाल्यांची पूजा केली, ते कुंभमेळ्यात मिरवले. १५६७ मध्ये कुरुक्षेत्राजवळच्या ठाणेसरला अकबराच्या डोळ्यांदेखत संन्याशांचे दोन गट भिक्षेच्या जागेवरून लढले, तेही उघड्या मैदानात. अठराव्या शतकातला अनुपगिरी गोसावी तर हजारोंची फौज बाळगणारा सरदारच होता. अशा माणसाला काठीत पाते दडवण्याची गरज काय?

कुबडी हे मुळात बैठकीचे साधन आहे. आखूड दांडा आणि वर चंद्रकोरीसारखा टेकू. जप करताना त्यावर हात विसावतो, आणि ती काखेत दाबली असता श्वास दुसऱ्या नाकपुडीतून वाहू लागतो, असे स्वरशास्त्र, म्हणजे नाकपुड्यांतून वाहणाऱ्या श्वासाचे शास्त्र, मानते. काही कुबड्यांचा टेकू फिरवून ओढला की आतून अरुंद पाते निघते. हे पाते तलवारीपुढे टिकणारे नव्हे, अगदी अंगाशी आलेल्याला भोसकण्यापुरतेच ते उपयोगी. म्हणजे ही सोय रात्री एकट्याने वाट तुडवणाऱ्याची आहे. ज्याच्याजवळ लंगोटीखेरीज काही नाही त्याला चोराचे भय कसले, असे कोणी विचारील. पण गोसाव्यांपैकी अनेक जण यात्रेच्या वाटांवरून व्यापार आणि सावकारीही करीत. १७७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा दूत जॉर्ज बोगल याच्याबरोबर तिबेटला गेलेला पूरणगिर अशाच फिरत्या गोसाव्यांपैकी. (सज्जनगडावर समर्थ रामदासांची म्हणून कुबडी आणि गुप्ती जपली आहे, रामदासांनी केलेली भ्रमंती लक्षात घेतली तर त्या परंपरेचे मला नवल वाटत नाही.)

आणखी एक घोटाळा संग्रहालयांनी आणि लिलाववाल्यांनी केला आहे. पोलादावर सोन्याची नक्षी केलेल्या कुबड्यांनाही ते सरसकट ‘फकिराची कुबडी’ म्हणतात. वास्तविक दरबारात बसताना हात टेकण्यासाठी राजे-सरदारही असे टेकू वापरीत, त्याला ‘जफर तकिया’ असे नाव होते, आणि बैठकीवरून न उठता हाती शस्त्र यावे ही निकड त्यांनाच अधिक होती. सोन्याच्या वेलबुट्टीची ती गुप्ती भिक्षेकऱ्याच्या झोळीशेजारी ठेवून पाहावी. फलक लिहिणाऱ्याने तेवढेही केलेले दिसत नाही.